शेलारमास्तरांचे जामीन

शेलारमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पडत होते. लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू व्हायला मी आले होते. फाटकातून आत शिरते तोच मैदानाच्या मधोमध उभा असलेला एक धिप्पाड माणूस, कुणीही धक्का न देता, सरळ पाठीवर कोसळला. जमिनीवर हात आपटल्याचा फाडकन आवाज झाला. मी किंचाळले. तो माणूस उठला, अंगावरची माती झटकली, मला नमस्कार केला आणि पुन्हा पडला. दुसऱ्यांदा उठल्यावर म्हणाला, "घाबरू नगा बाई. पाडायला कुनीबी शिकतंय. आमी पडायला शिकतोय."

हे आमचे व्यायामशिक्षक. ज्युदो शिकण्यापूर्वी पडणं शिकावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पडण्याची संधी त्यांनी कधी सोडली नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यात भाताचा पेंढा पसरून त्यावर ताडपत्री ताणलेली असे. बाजारातल्या शिंप्याकडून त्यांनी जाड मांजरपाटाचा एक डगला शिवून घेतला होता. तो घालून ते मधल्या सुट्टीत ताडपत्रीवर आदळत राहायचे, आणि आम्ही स्टाफरूममध्ये डबे उघडून तो आवाज ऐकत जेवायचो. आता मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना ते कसे सांगावेत, हा प्रश्नच आहे, कारण ते एका जागी कधी उभेच राहायचे नाहीत.

मला स्वतःला स्वस्थ बसलेली माणसं आवडतात. मास्तरांनी माझा जीव नुसता मेटाकुटीला आणला होता. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची नावापुरती. चहा खिडकीशी उभं राहून, तोही या पायावरून त्या पायावर होत. मुख्याध्यापकांनी सभा बोलावली की हे दारात उभं राहण्याची परवानगी मागायचे. शनिवारी अर्धी शाळा सुटली की कामशेतला उतरून आंदर मावळातल्या आपल्या गावी चालत जायचे आणि सोमवारी प्रार्थनेच्या आत परत हजर. गावी त्यांची बायको हिरा भातशेती सांभाळायची. ती एकदा शाळेत आली होती, तेव्हा मी विचारलं, "घरी तरी बसतात का हो?" ती म्हणाली, "बसत्यात कुटलं? ह्ये घरात आलं की आमचं मांजर उठून भाईर जातंय."

मूळचे ते गावच्या तालमीतले पैलवान. पुढे पलटणीत काही वर्षं काढली, तिथं ज्युदोची ओळख झाली. पण खरी गोष्ट घडली ती मुंबईला. कुठल्याशा प्रात्यक्षिकासाठी जपानहून एक वृद्ध शिक्षक आले होते. अंगानं किरकोळ, डोक्याचे सगळे केस पांढरे. प्रेक्षकांतून कुणी यावं म्हटल्यावर आमचे मास्तर उठले. पुढचं, म्हणजे आपण खाली कसे गेलो ते, त्यांना नीट सांगताच यायचं नाही. "लागलं का?" मी विचारलं. "न्हाई ना! तीच तर गंमत. आई निजलेलं पोर खाली ठिवती, तसं ठिवलं मला त्यानं. तवापासनं माजं चित्त ठिकान्यावर न्हाई, बाई." दुभाष्यामार्फत त्या वृद्धांनी एवढंच सांगितलं होतं की शिकायचं असेल तर तिकडे ये, दोन वर्षं राहा.

तेव्हापासून मास्तर जपानला निघालेले होते. साठच्या दशकातली ही गोष्ट. लोणावळ्यातून कुणी परदेशी जाणं म्हणजे अप्रूप. पलटणीतल्या एका जुन्या साहेबांनी खर्चाची जबाबदारी घेतली, शाळेनं बिनपगारी रजा कबूल केली, पासपोर्टही आला. अडलं ते व्हिसापाशी. मी सुट्टीत गिरगावला माहेरी निघाले होते, तेव्हा मास्तर त्याच गाडीनं मुंबईला आले. मला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन ते जपानच्या वकिलातीत गेले.

तिथले कारकून दाक्षिणात्य होते, शांत आणि सज्जन. त्यांनी समजावून सांगितलं की रस्ते तीन आहेत. पहिला टुरिस्टचा. तो लगेच मिळतो, पण मुदत थोडक्या महिन्यांची. दुसरा विद्यार्थ्याचा. त्याला मान्यताप्राप्त कॉलेजात नाव लागतं, आणि मास्तरांचं वय नि शिक्षण बघता ते जमणारं नव्हतं. तिसरा, जपानच्या एखाद्या कलेचं शिक्षण घ्यायला येणाऱ्यांसाठी. त्यावर दीर्घकाळ राहता येई, पण त्याला गुरूचं स्वीकारपत्र हवं, शिवाय जपानात राहणारा कुणीतरी जामीन हवा. वेळ किती लागेल सांगता येत नाही, नकारही येऊ शकतो. मग आवाज उतरवून ते म्हणाले, "पुष्कळ लोक टुरिस्ट म्हणून जातात. कारणाच्या जागी 'स्थलदर्शन' लिहा. पुढचं तिकडे गेल्यावर बघता येतं."

मी हे मराठीत सांगितलं आणि मास्तर ताडकन उठले. "टुरिस्ट? मी?" अख्खी खोली आमच्याकडे बघायला लागली. "बाई, त्यास्नी सांगा, मी लोनावळ्याचा हाय. टुरिस्ट म्हंजी काय, ते मला शिकवू नगा. रविवारी येत्यात, वलवनच्या धरनावर फोटू काडत्यात, चिक्की बांधून घेत्यात आन सांजच्या गाडीनं पळत्यात. म्होरल्या डोंगराचं नाव इचारत न्हाईत. तसा जाऊ व्हय मी वस्तादाच्या दारात?" कारकुनांना यातलं काय सांगावं ते मला कळेना. मी म्हटलं, हे विचार करून कळवतील.

बाहेर रस्त्यावर मी मास्तरांना चांगलं फैलावर घेतलं. मी व्यवहारी बाई आहे. एका शब्दानं काय बिघडतं? लिहा आणि जा. वस्तादांचं वय झालंय, तुमची चाळिशी आलीय, वाट बघायला वेळ कुणाकडे आहे? मास्तर फुटपाथवर चार पावलं पुढे, चार पावलं मागे करत ऐकत होते. मग म्हणाले, "तालमीत नवं पोरगं येतंय तवा काय करतंय, ठाऊक हाय? वस्तादाच्या म्होरं नारळ ठिवतंय. मंग फावडं घिऊन माती खनतंय. कैक दिस नुसती माती. कुस्ती लय लांब. आन मी दारातच खोटं सांगू, का मी फकस्त बगाय आलोय?" मी रागानं तरातरा पुढे चालायला लागले.

तेव्हा तिसरा रस्ता ठरला. लोणावळ्याला परतल्यावर मी जपानला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. जामीन तिकडे राहणाराच लागतो, हे मी मास्तरांना दोनदा समजावलं. त्यांना ते कळलंही होतं. पण शनिवारी गावी गेल्यावर त्यांनी ते रामा आबांच्या कानावर घातलं. रामा आबा म्हणजे गावातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. पुण्याच्या पलीकडे कधी न गेलेलं. आबा म्हणाले, "तिकडच्या मानसाला तू कुटं ठावा हायस? वळकनाऱ्यानं जामीन ऱ्हायाचं असतंय. आमी मेलोय काय?"

सोमवारी प्रार्थनेनंतर मास्तरांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. वर गावच्या गुरुजींच्या अक्षरात मजकूर होता, खाली शाईचे अंगठेच अंगठे. पहिला आबांचा. मजकूर मला अजून तोंडपाठ आहे. 'हा आमचा माणूस. चोरी-लबाडी करणार नाही. तुमच्याकडे शिकायला येतो आहे. शिकून झालं की परत येईल. नाही आला तर आम्ही त्याला न्यायला येऊ.'

शेवटच्या वाक्याला मी खो खो हसले. मास्तर हसले नाहीत. "मास्तर, हे चालणार नाही," मी म्हटलं. "ठाऊक हाय. पर बाया-मान्सं वावरातनं येऊन अंगठं देऊन गेली. आता ह्ये मी खिशात ठिवू व्हय?" मग मी त्या कागदाचं इंग्रजी केलं. 'न्यायला येऊ' हे तोंड सरळ ठेवून भाषांतरित करणं माझ्या नोकरीतलं सर्वांत कठीण काम होतं. पत्राला तो कागद जोडून आम्ही पाकीट पोस्टात टाकलं.

त्यानंतरचे महिने आठवले की अजून मला दम लागतो. मास्तर सकाळी पोस्टमन बाहेर पडायच्या आत पोस्टात जाऊन उभे राहायचे. पत्र नसलं की तिथून तसेच वलवणला चालत, परत येऊन कवायत. त्या वर्षी आमच्या शाळेतली मुलं इतकी दमलेली असायची की वर्गात दंगा करायचं त्राण त्यांच्यात उरत नसे. मास्तरांची झोप उडाली, जेवण तुटलं. वस्ताद आहेत की गेले? पत्र पोचलं का? की त्यांना राग आला? एकदा मी न राहवून म्हटलं, "टुरिस्ट म्हणून गेला असता तर एव्हाना तिकडे असता." "म्हाईत हाय मला!" ते ओरडले. माझ्यावर त्यांनी आवाज चढवल्याची ही एकच वेळ. थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि तो टेबलावर ठेवून निघून गेले.

उत्तर आलं तेव्हा ते पाकीट त्यांनी माझ्या वर्गात आणून दिलं आणि दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मुलांसमोरच वाचलं. वस्तादांनी दुसऱ्या कुणाकडून इंग्रजीत लिहवून घेतलं होतं. स्वीकारपत्र जोडलं होतं. जामिनाबद्दल एवढंच होतं: 'त्या टोकाला एवढी माणसं उभी आहेत, तर या टोकाला मी उभा राहतो.' मी ते मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तरांनी भिंतीवर कपाळ टेकलं. मीही थोडी रडले, खोटं कशाला सांगू.

मास्तर जपानला गेले. अधूनमधून कार्डं यायची. मजकूर सगळ्यांवर जवळपास सारखा: 'रोज पडतो आहे. खुशाल.' दोन वर्षांनी ते परतले. शाळेनं सत्कार केला, मुलं त्यांच्यामागे वेडी झाली, ताडपत्रीवरचा तो आवाज पुन्हा सुरू झाला. पण पूर्वीची त्यांची धावपळ कुठंतरी जायची होती म्हणून होती. आताची वेगळी होती. शिकवता शिकवता मध्येच थांबायचे आणि कुंपणापलीकडे बघत राहायचे. मला ते बघवत नसे. काय झालं म्हणून विचारायचा मात्र धीर झाला नाही.

विचारलं ते मी नोकरी सोडून पुण्याला निघाले तेव्हा. निरोप द्यायला मास्तर घरी आले होते. मी सामान बांधत होते आणि ते खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. मी म्हटलं, "मास्तर, तिकडे काही बिनसलं होतं का?"

"बिनसंल कशाला? वस्ताद म्हनले, थांब हितंच. पोरान्ला शिकीव. व्हिसा वाढवून घेतो तुजा. आपला व्हिसा शिकन्याचा व्हता ना, वाढवून मिळत व्हता. हिरालाबी बोलीव म्हनले. ती आली असती, बाई. मी कार्ड टाकलं असतं तर दुसऱ्या दिशी निगाली असती." ते खिडकीशी थांबले. "माजा लय जीव व्हता तितं. आजबी हाय."

"मग?"

"मी म्हनलो, गावचा कागद हाय. न्हाई गेलो तर गाव न्यायला यील. वस्ताद हसलं. लय हसलं."

मला एकदम राग आला. त्यांच्यासाठी आला. "अहो, तो कागद! कायद्यानं त्याला कवडीची किंमत नव्हती. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्हालाही ठाऊक होतं."

"मला ठाऊक व्हतं," मास्तर म्हणाले. "आबाला न्हवतं. म्हाताऱ्यानं कामशेतच्या खिडकीवर जाऊन जपानचं तिकीट मागितलं असतं, बाई. मस्करी न्हाई. खरंच मागितलं असतं."

मी हातातलं काम टाकून बसले. एवढी मोठी गोष्ट या माणसानं सोडून दिली आणि सगळी वर्षं कुणाला सांगितली नाही. निदान ज्यांच्यासाठी सोडली, त्यांनी तरी त्याला डोक्यावर घेतलं असेल, असं मला वाटलं. मी विचारलं, "मग आबा काय म्हणाले, तुम्ही आल्यावर?"

मास्तर हसले. "भाताची आवनी चालली व्हती. आख्खं गाव चिखलात. मी बांधावर हुबा, सूट-बूट घालून, हातात पेटी. आबानं मान वर केली. म्हनला, 'आलास? उतर खाली, मानसं कमी हायत.' आन परत वाकला. बाकीच्यांनी तर वर बगितलंबी न्हाई. मी यीन का न्हाई, आसं कुनाच्या मनात सुदिक आलं न्हवतं, बाई."

"आणि तुम्ही?"

"मी काय? बूट काडलं आन उतरलो."