बत्तीस टोप्यांचा बँड

ज्याने एका माणसाबद्दल एकदाच चार ओळी लिहिल्या आणि त्यातही त्याचं नुकसान केलं, त्याने त्याच माणसाबद्दल पुन्हा लिहायला बसू नये, हे मला कळतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. कागदावर काय लिहावं आणि काय लिहू नये, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून आधीच क्षमा मागतो. पण जे मला परवा कळलं ते ऐकून गप्प बसवत नाही.

मास्तरांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं की या माणसाच्या बोटांना काहीतरी व्याधी आहे. समोर जे असेल त्याच्यावर ते टिचक्या मारायचे. आधी तीन, थोडं थांबून दोन. चहाच्या बशीवर, सायकलच्या सीटवर, एकदा तर लग्नाचा बँड ठरवायला आलेल्या एका वधूपित्याच्या पगडीवर. त्या गृहस्थांनी पगडी सावरली तेव्हा मास्तर म्हणाले, "हलू नका ना, दोन राहिलेत."

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात आमच्या घरासमोर त्यांच्या बँडची खोली होती. एका लहानशा संस्थानात वीस-बावीस वर्षं ते बँडमास्तर होते. तिथल्या महाराजांनी परदेशातून येताना ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी आणली होती. तिच्यातला रुंबा हा नाचाचा ताल ऐकून महाराजांनी हुकूम सोडला की आपल्याकडेही असंच वाजलं पाहिजे. मास्तरांनी कर्णे, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ढोल आणि दुध्या भोपळ्याचे खुळखुळे जमवून बत्तीस जणांचा ताफा उभा केला. राजवाड्यात पाहुणे नाचायचे आणि हे वाजवायचे. पुढे संस्थान विलीन झालं. महाराजांना तनखा मिळाला, हत्ती सर्कशीला गेला. बँडचं काय करायचं, हे कलम करारात कुणी घातलंच नव्हतं.

तेरा जण मास्तरांच्या मागून बुऱ्हाणपुरात आले. इथे केळी आणि कापूस चांगला होता, म्हणजे लग्नं दणक्यात होती. मास्तरांनी राजवाड्यातला रुंबा बारातीपुढे लावला. तुम्ही कधी रुंब्यावर बारात चाललेली पाहिली आहे का? दोन पावलं पुढे, एक मागे. शनिवारा मोहल्ल्यातून निघालेला नवरदेव मांडवात पोचेपर्यंत घोड्याला दोनदा पाणी पाजावं लागायचं.

"मास्तर, मुहूर्त टळून राहिला ना!" वरबाप धावत यायचा.

"बारात थांबेल, ताल थांबणार नाही," मास्तर म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

"पण हे वाजवता काय तुम्ही? हे कुठलं?"

"क्युबाचं."

"ते कुठं आलं? भुसावळच्या पुढं?"

"बरंच पुढं," मास्तर अगदी गंभीरपणे सांगायचे. वरबापाला वाटायचं, लांबून मागवलेलं आहे म्हणजे चांगलंच असणार.

नेपानगरला कागदाच्या गिरणीभोवती वसाहत उठत होती. तिथल्या साहेबलोकांच्या एका मेजवानीचं बोलावणं आलं तेव्हा मास्तरांनी दोन दिवस आधीपासून मिशीला मेण लावलं. शेवटी एकदाचे नाचता येणारे लोक भेटणार होते. मेजवानीत एका साहेबांनी त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, छान वाजवता, फक्त जरा हळू वाजवा, आम्हांला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. परत येताना मास्तरांचं गाडीच्या लाकडी बाकावर रुंब्याचं तीन आणि दोन, तीन आणि दोन चाललं होतं, तेवढंच.

आता एक गुपित सांगतो, जे सगळ्या गावाला माहीत होतं. बुऱ्हाणपुरात बँडचा आवाज कुणी मोजत नाही, टोप्या मोजतात. तेरा टोप्यांच्या बँडला कुणी विचारत नाही. म्हणून मास्तरांनी लोधीपुऱ्यातल्या मागांवर काम करणारे एकोणीस विणकर गोळा केले, त्यांना झालरीचे डगले घातले आणि हातात वाद्यं दिली. वाद्याच्या तोंडात चिंधीचा बोळा. हे फक्त गाल फुगवायचे. त्यांना सगळे मुकेच म्हणायचे. "किती जणांचा बँड आहे?" "बत्तीस." "बोलणारे किती?" "ते विचारू नका."

पण मास्तरांचा कहर असा की मुक्यांनाही ते रोज संध्याकाळी तालमीला बसवायचे. कुठल्या सुरावर कुठलं बोट उचलायचं, ते घोटून घ्यायचे. एकाचं जरी बोट चुकलं तरी काठी पायावर बसायची.

"मास्तर, काहून मारता? आवाज तर येतच नाई!" किसन एकदा कळवळून म्हणाला. लोधीपुऱ्यातला हा पोरगेला विणकर मुक्यांमधला सगळ्यात हडकुळा होता आणि त्याच्या गळ्यात सगळ्यात मोठा कर्णा होता.

"बोळा कर्ण्याच्या तोंडात आहे. बोटांना कोणी बोळा घातलाय?"

आम्ही खिडकीतून हे ऐकून पोट धरून हसायचो. जे वाजणारच नाही ते अचूक वाजावं म्हणून मार खाणारी माणसं मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत. कॉलेजात गेल्यावर थोडी पाहिली.

मी इंटरला होतो तेव्हा मास्तर मला "बी.ए." म्हणायचे. दोन वर्षं आधीच. एके दिवशी त्यांनी खिडकीतून हाक मारली, "बी.ए., खाली ये. सरकारला इंग्रजी लिहायचंय."

सरकारचं एक खातं पोलिसांसाठी बँड उभा करणार होतं. विलीन झालेल्या संस्थानांतले बँड घ्यायचे होते, पण अट अशी की ताफा पूर्ण पाहिजे, तीस जणांच्या खाली अर्जच करायचा नाही. माणसं मात्र एकेक पारखून घेणार होते. मास्तरांचा जीव त्या तेरा जणांत अडकला होता. सगळे पन्नाशीला टेकलेले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गुलाबकाकांचे तर पुढचे दोन दात पडायला आले होते, आणि दात गेले की क्लॅरिनेट गेलं. "त्यांना महिन्याच्या महिन्याला सरकारी भाकर मिळाली पाहिजे, बी.ए.," मास्तर म्हणाले. "माझं सोड. पण त्यांना सांभाळायला मी बरोबर पाहिजे. नाहीतर हे पोलिसांचंच कवायतीचं वाजवत बसतील."

तेराचे तीस होत नव्हते, म्हणून मुक्यांसकट बत्तीस नावं घालायचं ठरलं. मी तीन दिवस बसून तक्ता भरला. नाव, वय, उंची, शिक्षण, वाद्य. वयं मी खरी लिहिली. खोटं लिहायची मला भीती वाटत होती. मुक्यांच्या पुढे त्यांच्या हातातली वाद्यं लिहिली, कारण वाद्य तर खरंच होतं. शेवटी तेहतिसावं नाव मास्तरांचं.

"मास्तर, तुमच्या वाद्याच्या रकान्यात काय लिहू?"

ते गुलाबकाकांना काहीतरी समजावत होते. वळूनही न बघता म्हणाले, "लिही, बँड."

बँड हे काही वाद्य नव्हे. मी बराच वेळ विचार केला. मास्तरांच्या हातात मी काठीशिवाय काही पाहिलं नव्हतं. चुकीची माहिती दिली तर अर्ज रद्द होईल, असं खाली छापलं होतं. त्याच आठवड्यात मी "काही नाही"साठी एक नवा इंग्रजी शब्द शिकलो होतो. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "निल". आणि मला त्याचा अभिमानही वाटला, हे कबूल करायला हवं.

निवडीचे साहेब आले ते भर दुपारी. शाळेच्या मैदानावर मास्तरांनी बँड उभा केला. तेरा जणांनी बत्तिसांचा दम एकट्यांनी लावला. गुलाबकाकांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. बाजूला एकोणीस मुके असे काही गाल फुगवून आणि बोटं नाचवून उभे होते की मलाच क्षणभर वाटलं, हेच वाजवताहेत. साहेबांनी चहा संपेपर्यंत ऐकलं. मग त्यांच्या शिपायाने फीत काढली आणि सगळ्यांच्या छात्या मोजल्या. वाजवणाऱ्या माणसाची छाती आतून मोजायची असते, हे त्या फितीला कोण सांगणार?

चार महिन्यांनी लखोटा आला. मी मास्तरांच्या खोलीत तो सगळ्यांसमोर वाचला. नऊ जणांची निवड झाली होती. नऊच्या नऊ मुके. पहिलंच नाव किसनचं. तेरा जण वय जास्त म्हणून नापसंत. आणि अगदी शेवटी एक ओळ होती, जी मी इंग्रजीत वाचली आणि कागदाची घडी घालू लागलो.

"सांग ना, बी.ए."

"लिहिलंय की… सदर इसम कोणतंच वाद्य वाजवत नसल्यामुळे त्याचा कलावंत म्हणून विचार करता येत नाही."

मास्तरांनी मान डोलावली.

"बरोबर आहे. तू काय लिहिलं होतंस?"

"तुम्ही वाजवत नव्हता ना, मास्तर, म्हणून…"

"अन् किसन वाजवतो?"

गुलाबकाका हसले. पडायला आलेल्या दातांतून त्यांचं हसू शीळ घातल्यासारखं निघालं. "चांगलं झालं, मास्तर," ते म्हणाले. "सरकारला आवाज नकोच होता."

किसन त्या संध्याकाळी रडत आला. "मास्तर, मी नाई जात. तिथं बोळा काढायला लावतील. मला एक सूर बी येत नाई. जेलात टाकतील."

"बोटं येतात ना?"

"बोटं येतात."

"मग जा. फुंकायला काय, म्हातारी बाई चूल फुंकते. पहिला महिना सांगायचं, तोंड आलंय."

"नऊही जणांचं एकदम?"

"पाणी बदललं म्हणायचं."

त्यानंतरची गोष्ट सांगताना मला आमच्या गावाची लाज वाटते, पण सांगतो. मुक्यांना सरकारी नोकरी लागल्याची बातमी पसरली आणि मास्तरांच्या दारात रांग लागली. शिकली-सवरलेली पोरं, चांगल्या घरची. "मास्तर, आम्हांला बी घ्या बँडात." मास्तर विचारायचे, "वाजवायला शिकायचंय?" "नाई नाई. फक्त धरायचंय." एक वडीलधारे गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मास्तरांनी त्यांना काठी घेऊन पार गल्लीच्या तोंडापर्यंत हाकललं. त्यांनी एकही नवा मुका घेतला नाही. उरलेले दहाही आपापल्या मागावर परतले.

तेरा टोप्यांचा बँड कोण बोलावणार? "लग्नात तेरा जण? अशुभ दिसतं हो," लोक म्हणायचे. दोन हंगामांत खोली रिकामी झाली. गुलाबकाका केळीच्या वखारीत घड मोजायला बसले. मास्तरांचं पोट कशावर चालतं, हे मला कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस नव्हतं. एवढंच दिसायचं की दर रविवारी सकाळी ते धुतलेला कोट घालून सर्व्हिस मोटारीने कुठेतरी जातात. गल्लीत लोक हसायचे. "मास्तर क्युबाला निघाले!" मीही एकदोनदा हसलो असेन. मग मी पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी आलो. बी.ए.ला एक वर्ष नापास झालो, आणि मास्तरांना तोंड दाखवायला नको म्हणून सुटीतही गावी जाणं टाळलं.

परवा खंडव्याच्या स्टेशनवर एका पोलिसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घाबरलो. तो किसन होता. अंगाने भरला होता, बाहीवर फीत आली होती.

"भाऊ, मास्तर गेले. दोन महिने झाले. तुला नाई कळलं?"

मला कुणी कळवलं नव्हतं. कुणी का कळवावं?

चहा घेता घेता किसनने सांगितलं ते असं. मास्तर दर रविवारी पोलिसांच्या लाइनीत त्या नऊ जणांना शिकवायला यायचे. बोळे काढल्यावर जो आवाज निघाला तो, किसनच्या शब्दांत, "म्हशीला काटा लागल्यासारखा" होता. तीन वर्षं मास्तरांनी तो माणसात आणला. फाटकावर फक्त नातेवाइकांना आत सोडायचे. मग मास्तर एका रविवारी किसनचे वडील व्हायचे, पुढच्या रविवारी दुसऱ्याचे. नऊ आठवड्यांनी पाळी पुन्हा किसनवर. पहारेकऱ्याच्या वहीत तसंच लिहिलेलं.

"अन् मेल्याची तार आली ना भाऊ, तर आम्ही नऊही जणांनी रजेचा अर्ज टाकला. वडील वारले."

"एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी. दुसरं काय लिहिणार? साहेबांनी मैदानात उभं केलं. म्हणाले, नऊ जणांचा एकच बाप? सख्खा मुलगा असेल त्यानं एक पाऊल पुढं यावं."

"मग?"

"नऊ पाय पुढं पडले."

रजा एकालाही मिळाली नाही. खोटी माहिती दिल्याबद्दल शिक्षा झाली. वाद्यं गळ्यात घालून, वाजवत, दिवस मावळेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायच्या. तारेत लिहिलं होतं की चार वाजता मास्तरांना तापीवर नेणार. गुलाबकाका आणि इतर म्हातारे मिळून सात-आठ माणसं होती म्हणे. वाजवायला कुणाच्या छातीत दम उरला नव्हता.

"आम्ही बरोबर चारला सुरू केलं," किसन म्हणाला. "दोन पावलं पुढं, एक मागं. एक फेरी पुरी व्हायला केवढा वेळ लागला! साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसून होते. त्यांना वाटलं, शिक्षा चाललीय."