मामांच्या गळ्यातली माळ

पूर्णा जंक्शनवर गाडी थांबली की उतारू हमालांना शोधत आणि मांजरं आमच्या थोरल्या मामांना! निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, मामांची काळी शेरवानी तेवढी उरली होती, आणि तिला माशांचा असा वास यायचा की मामांच्या आधी वास घरात यायचा. मामा उठून गेले तरी तो ऐसपैस बसून राहायचा.

वास्तविक मामांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मासा चाखला नव्हता. मामा रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिसऱ्या बाळंतपणानंतर मामी भिंत धरल्याशिवाय उठेना. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली, कॅल्शियम पाहिजे. आणि ते हैदराबादेहून येईल तेव्हा खरं. मामा तडक मासळीबाजारात गेले आणि भोयांनी साफ करून टाकलेले काटे डबाभर घेऊन आले. "भाचेबुवा, लोक माल खायलेत अन् दवा फेकायलेत!"

मग ते काटे सोड्याच्या पाण्यात उकळायचे, गच्चीवर वाळवायचे, खापरात भाजायचे, खलबत्त्यात कुटायचे, मलमलीतून गाळायचे. गच्चीवर एकीकडे काटे, दुसरीकडे शेजारणीच्या कुरडया, मधे काठी घेऊन मामा. मांजरं हाकलताना एकदा ते थेट कुरडयांतच बसले. "अवो, कुरडया हायेत त्या, गादी न्हाई!" शेजारीण ओरडली. महिनाभर पूड स्वतः खाऊन तिचा गुण दाखवायला मामांनी चारचौघांत दाढेखाली सुपारी फोडली. सुपारी शाबूत राहिली, दाढ फुटली. "दाढच जुनी होती," मामा म्हणाले.

पण मामीच्या गळ्यात तुळशीची माळ. माझी आई म्हणाली, "दादा, भाकरीच्या पिठात मिसळ की. तिला काय कळायलंय?"

अख्ख्या पूर्णेला थापा मारणारे मामा म्हणाले, "तिच्या माळेला फसवू व्हय? न्हाई जमायचं."

त्यांनी पुडी मामीपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मामीनं दोन दिवस पुडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माळ काढली आणि मामांच्याच गळ्यात घातली. "माझं गिळून हुईस्तोवर तुमी सांभाळा. अन् तवर त्या डब्याला शिवायचं न्हाई!"

तेव्हापासून रोज सकाळी, दोनदा आंघोळ करून, मामा माळ घालून देवासारखे उभे. समोर मामी ताकातून पूड पिऊन तोंड वेडंवाकडं करायलीय, आणि दारात मांजरांची रांग. चूळ भरली की मामी हात पुढे करायची, मामा माळ परत द्यायचे. दिवाळीपर्यंत मामीनं भिंत सोडली. पुडीनं, की नवऱ्याला रोज असं ताटकळत ठेवण्याच्या आनंदानं, देव जाणे!

पुढे कित्येक वर्षांनी मामा गेले, तेव्हा मामी कुणाचाही हात न धरता चालत आली. गळ्यातली माळ काढून तिनं त्यांच्या गळ्यात घातली. "जरा सांभाळा," एवढंच म्हणाली.

या वेळी तिनं परत घ्यायला हात पुढे केला नाही.