शिडीचं गणित

तज्ज्ञाला गणित पाहताक्षणी उत्तर दिसतं, असं मी वर्गात गंभीरपणे सांगत आलो. घरी मात्र आधी आकृती काढून बराच वेळ नुसता बघत बसतो.

फिजिक्समध्ये दोनदा नापास झालेली वैशाली भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित घेऊन आली. वाचून होण्याआधीच तिने तीन सूत्रं लिहिली.

"पेन ठेव. आधी चित्र काढ."

"सर, परीक्षेत चित्रं काढत बसले तर तिसऱ्यांदा घरी बसेन."

तरी तिने काढलं, आणि बघत राहिली. "पण सर, ही शिडी घसरत का नाही?"

खरं कौशल्य बहुधा अशा रिकाम्या दोन मिनिटांत असतं. त्यांना गुण कसे द्यायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

वैशाली पास झाली. परीक्षेत आलेलं शिडीचं गणित तिने ऑप्शनला टाकलं होतं.