खांद्याच्या पात्याआड

वाचनालयात तिला सगळे पाठीमागे कटकटबाई म्हणत. वाचनकक्षात कुणी कुजबुजलं की ती त्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. बोलायची काही नाही, नुसती उभी राहायची, आणि समोरच्याला ओशाळल्यासारखं व्हायचं. नावाला आणखी एक कारण होतं. वरच्या फळीवर पुस्तक ठेवायला तिनं उजवा हात उचलला की तिच्या पाठीतून आवाज यायचा. कट्. हात खाली आला की पुन्हा कट्. बाजारात तो कुणाच्या कानावरही गेला नसता, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाई. रोज सकाळी वर्तमानपत्र पार जाहिरातींपर्यंत वाचणारे एक काका मान वर न करताच म्हणत, "आल्या."

नवरा बस चालवायचा. त्यानं एकदा तिच्या पाठीला कान लावला आणि म्हणाला, "गिअर नीट पडत नाहीये तुझा."

"मग टाका गॅरेजला," ती म्हणाली.

दुखत काही नव्हतं, त्यामुळे त्या आवाजाकडे दोघांनीही कानाडोळाच केला. तो तसा जुनाच होता. शाळेत असल्यापासून असावा, पण नक्की कधीपासून ते तिला सांगता आलं नसतं.

मग चाळिशी उलटल्यावर एका थंडीत खालच्या मजल्यावर राहणारी धाकटी नणंद तिच्यासाठी कोट शिवायला बसली. नणंद धंद्यानं शिवणकाम करायची, तिचं माप सहसा चुकत नसे. हा कोट मात्र पाठीवर बसेना. तिनं शिवण उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. शेवटी वैतागून तिनं वहिनीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि पाठीवरचं कापड बाजूला केलं.

"वहिनी, माझी कात्री बरोबर आहे. तुझी पाठच एका बाजूनं वर आलीये."

उजव्या खांद्याचं पातं अर्धवट ढकललेल्या खणासारखं बाहेर राहिलं होतं.

पुढे पुढे हात उचलताना आत बोचायलाही लागलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी समोरून एक्स-रे काढला. फोटो स्वच्छ होता. "स्नायू लुळा पडला असेल," ते म्हणाले आणि त्यांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. तिथे ती दोन्ही तळहात टेकवून भिंत ढकलायची. घरी स्वयंपाकघराची भिंत, कामावर मधल्या सुट्टीत जिन्याखालची भिंत. नवरा म्हणायचा, "जरा बेतानं, घर शेजाऱ्यांकडे सरकेल."

कित्येक आठवडे ढकलून फरक पडेना. त्या बाईंनी एक दिवस तिला थांबवलं आणि मागे उभं राहून बराच वेळ नुसतं पाहिलं.

"ताई, स्नायू लुळा असता तर भिंत ढकलताना पातं अजून बाहेर यायला हवं होतं. तुमचं येत नाही. आहे तिथेच राहतं. जोरही चांगला आहे तुमच्यात. मला वाटतं, त्याला आतून काहीतरी ढकलतंय. आपण चुकीच्या वाटेनं निघालोय."

असं म्हणून त्यांनी व्यायाम बंद केले आणि तिला मोठ्या रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे धाडलं.

हे डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी तिला उजवा हात मागे कमरेवर ठेवायला लावला. तसं केल्यावर पात्याची कड पाठीपासून सुटी होते. त्या कडेखाली त्यांनी बोटं सरकवली, चाचपलं आणि तिथेच थांबले.

"इथे दुखतं?"

"दुखतं."

"हात वर करा. हळू." कट्. "हं."

त्यांनी दुसरा एक्स-रे काढायला सांगितला, या वेळी बाजूनं, तिरका. त्या फोटोत ते स्पष्ट दिसत होतं. पात्याच्या आतल्या अंगाला, बरगड्यांच्या बाजूला, हाडाला फुटलेला एक जाड कोंब.

"समोरच्या फोटोत बरगड्यांच्या गर्दीत लपला होता," डॉक्टर म्हणाले. "हाडाला अशी वाढ होते. गुडघ्याजवळ, दंडाच्या वरच्या टोकाला नेहमी बघतो आम्ही. तिथे ती हाताला लागते. पात्याच्या आत क्वचित, म्हणून तिथे कुणी शोधायला जात नाही. हात उचलला की ही बरगडीला अडकून सुटते. तोच आवाज."

नवऱ्यानं विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"बहुतेक नाही. पण बहुतेकवर मी थांबणार नाही. या गाठी वयात येताना वाढतात आणि उंची वाढायची थांबली की त्याही थांबतात. यांची पाठ आत्ता या वयात वर आलीये. ते का, हे बघायला हवं."

एमआरआय झाला. त्या नळकांड्यात एवढा दणदणाट होता की तिला हसू आलं. आयुष्यभर लोकांना गप्प बसवलं, त्याची भरपाई एका झटक्यात. अहवाल यायचा होता तोवर मात्र हसू टिकलं नाही. ती फळ्या लावत राहिली, पण तेच पुस्तक दोनदा काढून दोनदा तिथेच ठेवी. नवऱ्यानं वर्षानुवर्षांच्या रस्त्यावर एक थांबा न थांबताच मागे टाकला. प्रवाशांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे तो भानावर आला. घरी दोघं भाजीबद्दल बोलत, नळाबद्दल बोलत.

अहवाल आला. अशा गाठीच्या टोकावर कूर्चेची टोपी असते, नाकाच्या शेंड्याला असते तशी लवचिक. ती जाड झाली असती तर काळजी होती. ती पातळच होती. पाठ वर आली होती ती पाण्यानं. हाडाला हाड घासून मध्ये पाण्याची एक पिशवी तयार झाली होती, नव्या चपलेनं टाचेला फोड यावा तशी.

"म्हणजे ग्रीस साठलं होतं," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "जवळपास."

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि रुग्णालयाच्या पायऱ्यांवर तो मोठ्यानं शिंकावं तसा हसला. ती हसली नाही. गाठ आपल्याबरोबरच वाढली, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. संध्याकाळी तिनं आईला फोन केला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू अभ्यासाला वाकडी बसायचीस. सरळ बस म्हणून मी पाठीत धपाटे घालायचे."

"असू दे गं आई."

"असू दे काय? त्या हाडावरच मारत होते की मी."

"कुणाला माहीत होतं?"

नंतर आईनं विचारलं, शस्त्रक्रिया झाली की तुझ्या घरी स्वयंपाक कोण करणार, आणि बोलणं मार्गी लागलं.

शस्त्रक्रियेत पात्याच्या कडेनं चीर घेऊन ती गाठ पिशवीसकट काढली. नंतर डॉक्टरांनी फोनवर गाठीचा फोटो दाखवला. फ्लॉवरचा तुरा असावा तशी होती. तपासणीतही ती साधीच निघाली. हात झोळीत होता तोवर नणंद रोज वर येऊन तिचे केस विंचरायची आणि ओढून घट्ट वेणी घालायची. "आई गं, डोकंही सोलून काढतेस का?" असं ओरडण्याइतकी ती लवकरच बरी झाली.

सुरुवातीला तिला पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसवलं. तिथे तिचा जीव रमेना. पुन्हा फळ्यांकडे आली तेव्हा आवाज गेला होता. नाव तेवढं राहिलं, कारण कुजबुजणाऱ्यांपाशी जाऊन उभं राहणं तिनं सोडलं नव्हतं. अगदी वरच्या फळीला हात पूर्वीसारखा सहज पोचत नसे, म्हणून ती लाकडी स्टूल घेऊ लागली.

वर्षानं तपासणीला बोलावलं होतं. नवरा कामावर होता, ती एकटीच गेली. एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ यंत्र सरकवत होता.

"बाजूनं काढा हं," ती म्हणाली. "समोरून दिसत नाही."

"तसंच लिहिलंय, ताई. श्वास धरा."

तिनं श्वास धरला. फोटोत पातं होतं, बरगड्या होत्या, आणि त्यांच्या मधली जागा रिकामी होती. डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. तिनं कपडे नीट केले, बाहेर आली आणि दुपारच्या पाळीला वेळेवर पोचायचं म्हणून भरभर चालू लागली.