दोनदा लागलं होतं

मी चौथीपर्यंत शिकलो, तेवढंच. पण कबड्डी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सोनपेठकडच्या आमच्या गावात पोरांचा संघ मी उभा केला आणि कुणाचं न ऐकता मीच चालवला.

माझी एक परीक्षा होती. पकडीत कुणाच्या डोक्याला लागलं, की त्याला आधी कांदा हुंगवायचो, मग उभा करून दम घ्यायला लावायचो. मनात तीस मोजेपर्यंत ‘कबड्डी कबड्डी’ तुटलं नाही, की पोरगं ठीक. छातीत दम हाय म्हणजे डोकंबी जागेवर हाय, असं मी धरून चाललो होतो. आणि लागलेलं घरी सांगायचं नाही, ही माझी शिस्त. आया घाबरतात, पोरांना डांबून ठेवतात.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीतलं साल होतं. गावच्या यात्रेत ढालीचे सामने होते. आदल्या संध्याकाळी सरावात माझ्या थोरल्या भावाच्या पोराच्या कानशिलावर एकाचा गुडघा बसला. तो आमचा चढाईचा गडी, दहावीतला. उठून बसला आणि म्हणाला, "काका, आज वार कोणता?"

"तुझ्या लग्नाचा!" कुणीतरी म्हणालं. पोरं हसली. मीबी हसलो.

मग दम घ्यायला लावला. तीस काय, चाळीस झाले. म्हणालो, "जा, झोप. तुझ्या बापाला काही बोलू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी सामन्यात तो पकडीत पुन्हा आपटला. फार जोरात नव्हे. पुढच्या चढाईला दम घेत निघाला, मधल्या रेघेजवळ गेला, तिथूनच वळला आणि कबड्डी कबड्डी म्हणत आपल्याच गड्याला जाऊन शिवला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "घरच्यालाच बाद करायलाय रे!" कुणीतरी ओरडलं. मी त्याच्या अंगावर खेकसलो. तो माझ्याकडं बघत खाली बसला आणि भडाभडा ओकला.

भाऊ धावत आला. गडबडीमुळं एसट्या बंद होत्या. एकाची जीप मिळाली, तिच्यात घालून सोनपेठला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. "कधी लागलं?"

"आत्ता, सामन्यात," मी म्हणालो.

"याच्या आधी?"

"न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. "नीट आठवा. एकदाच लागलं असेल तर इथं ठेवून बघता येईल. आधीच्या मारावर पुन्हा लागलं असेल तर आत्ताच्या आत्ता परभणीला न्यावं लागेल. उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

भाऊ म्हणाला, "साहेब, माझा भाऊ हट्टी हाय, पण खोटं बोलत न्हाई. एकदाच लागलंय."

तेवढं तो बोलला नसता तर मी गप्प राहिलो असतो. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

"दोनदा," मी म्हणालो. "कालबी लागलं होतं. कोणता वार हाय ते आठवत नव्हतं त्याला. मीच सांगू नको म्हणालो."

भावानं खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि पोराच्या डोक्याखाली घातला. परभणीपर्यंत त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

पोरगं वाचलं. उन्हात गेलं की अजून त्याचं डोकं धरतं, एकच गोष्ट दोनदा विचारतं. दहावी राहिली ती राहिलीच. दवाखान्यातून आणल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "तिथं खरं बोललास, म्हणून दारात उभा करतो तुला."

संघ मी सोडला नाही. पण त्यानंतर डोक्याला लागलेलं पोरगं त्या दिवशी पुन्हा उतरवलं नाही, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत सरावालाबी घेतलं नाही. ढाल आली नाही ती नाहीच. "म्हातारा भ्याला," लोक म्हणायचे. म्हणू द्या.

लागलं की मी स्वतः त्याच्या घरी जायचो. कुठं लागलं, कसं लागलं, किती वेळा, सगळं सांगायचो. आया तोंडाला येईल ते बोलायच्या. दिवसभर मैदानात उभं राहून पाय दुखायचे, बसावं वाटायचं. बस कुणी म्हणायचं नाही. उभ्यानंच ऐकून घ्यायचो आणि घरी यायचो.