तात्पुरत्या नळ्या

गल्लीत बातमी फिरली की नळीकाकांनी जळफळाटातून थोरल्या भावाची गाडी पेटवून दिली. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं तर कात्री वर धरून ज्वाळा किती उंच गेल्या तेही दाखवलं. माझा कान थोडक्यात वाचला.

तेव्हा आधी दुरुस्ती करतो. गाडी पेटली नाही. तिचा गिअरबॉक्स जळला, आणि जाळणारा हात काकांचा नव्हता. मी शेजारी आहे, मधली भिंत माझ्या छातीइतकीच आहे, आणि मला दुसरं कामच नसतं असं आमच्या सौंचं जाहीर मत आहे. माझ्या माहितीवर विसंबायला हरकत नाही.

नळीकाका म्हणजे शेजारच्या गॅरेजमालकाचे धाकटे भाऊ. किडकिडीत, उंच, कमरेत जरा वाकलेले. नाव हातातल्या नळ्यांमुळे पडलं की अंगकाठीमुळे, यावर गल्लीत दोन तट आहेत. गॅरेजच्या पाटीवर थोरल्यांचं नाव आणि गाडीखाली धाकट्यांचे पाय, अशी भावाभावांत कामाची वाटणी. काकांची भाड्याची जागा सुटली तेव्हा थोरले म्हणाले होते, "मागच्या टायरांच्या खोलीत राहा तात्पुरता." त्या तात्पुरत्या खोलीत काकांचे केस पिकले, दाढा पडल्या. हातखर्चही तेव्हाच तात्पुरता ठरला होता, तो तसाच आहे. वहिनी अजून अधूनमधून विचारतात, "भाऊजी, जागेचं काही बघताय की नाही?"

अंगणात ताडपत्रीखाली त्यांच्या वडिलांची जुनी गाडी होती. लांबलचक, आपोआप गिअर पडणारी, रेडिएटर चाळणी झालेला. एक दिवस थोरले माझ्यादेखत म्हणाले, "चालू करून दाखव, तुझीच."  दुसऱ्या दिवशी काका दाढी करून कामावर आले. आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी वस्तू त्यांच्याकडे एक पाना नि एक छत्री होती. आता गाडी होणार होती.

तसा रेडिएटर आता कुठं मिळतो? काकांनी दुसऱ्याच गाडीचा नवा आणला. तो जागेवर बसला, पण त्याच्या खालच्या बाजूला दोन बारीक तोंडं होती, ती भलत्याच ठिकाणी.

"काका, पाण्याच्या रेडिएटरला ही तोंडं कशाला?" मी भिंतीवरून विचारलं.

"तुमचं भिंतीवर काय काम असतं?" काका म्हणाले. मग सांगितलं, "गिअरबॉक्सचं तेल तापतं. एका नळीनं इथं येतं, गार होतं, दुसरीनं परत जातं. नळी सुटली की गिअरबॉक्स संपला म्हणून समजा."

जुन्या नळ्या पुरेनात, आटे जुळेनात. काकांनी आधी जाड तार वाकवून गाडीखालून वाट काढली, मग त्या तारेबरहुकूम लोखंडी नळी जुन्या पुलीवर हळूहळू वळवली. माझ्या मुलीच्या वेण्यासुद्धा इतक्या मायेनं कुणी घातल्या नसतील. उरले होते पितळी जॉइंट. ते लेथवर कातून आणायचे, निसटू नयेत म्हणून नळीची टोकं फुलवायची, की काम संपलं.

तोवर इंजिन चालवून नव्या रेडिएटरमधून पाणी गळतंय का ते बघायला काकांनी जुन्या नळ्या करवतीनं कापून रबरी नळीचे तुकडे जोडले, वर क्लिपा आवळल्या. लेथकडे निघताना म्हणाले, "दादा, हे तात्पुरतं आहे हं. गिअर टाकायचा नाही."

"हो रे, तात्पुरतं," थोरले पेपरातून म्हणाले.

घोटाळा झाला तो इथं. काकांच्या तोंडी तात्पुरतं म्हणजे लेथवरून परत येईपर्यंत. थोरल्यांच्या घरात तात्पुरतं म्हणजे ज्याच्याकडे पुन्हा ढुंकून बघावं लागत नाही ते.

काकांची पाठ वळली आणि फाटकातून एक गृहस्थ आत आले. बूट असे की त्यांत तोंड बघून भांग पाडावा. थोरल्यांनी दार उघडून त्यांना गाडीत बसवलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गिऱ्हाईक! गाडीचं गिऱ्हाईक!

"अहो, काका येऊ देत की!" मी ओरडलो.

"तुम्ही चहा प्या, गार होतोय," थोरले म्हणाले, आणि गाडी गेली.

काका आले तेव्हा जॉइंट फडक्यात गुंडाळलेले होते. अंगण रिकामं. "कुठं नेली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नुसतं खाली बघितलं. फाटकापासून रस्त्यावर तेलाची धार गेली होती, आधी थेंब थेंब, पुढं बोटभर रुंद. तिच्यामागं काका चालत निघाले, त्यांच्यामागं मी, चपला उलट्या घालून.

चढावर गाडी उभी होती. गिऱ्हाईक पसार. जळक्या तेलाचा वास असा की थोरल्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

"कसलं काम केलंस रे! भर रस्त्यात अब्रू गेली माझी!"

काकांनी खाली वाकून बघितलं. "टोक गुळगुळीत होतं, दादा. रबराला पकड नव्हती. म्हणून तर तात्पुरतं म्हणालो."

"तात्पुरतं म्हणालास. निसटेल असं कुठं म्हणालास?"

मी तेवढ्यात चपला सुलट्या करून घेतल्या.

गाडी ढकलत घरी आणली. काकांनी गिअरबॉक्समधलं उरलंसुरलं तेल काढलं, बोटावर घेतलं, हुंगलं. काळंकुट्ट. आता ती गाडी कुणी भंगारवालाच नेईल, हे थोरल्यांनाही त्या बोटावरून कळलं. तोवर वहिनींनी न्हाव्याच्या बायकोला "भाऊजींनी मुद्दामच केलं असणार" एवढंच सांगितलं होतं. ज्वाळा पुढं न्हाव्यानं घातल्या.

मग थोरले पायरीवर आले, घसा साफ केला आणि मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ दे. मी शब्दाचा पक्का आहे. गाडी तुझी. तेवढी अंगणातून हलव, जागा अडते."

काका हात पुसत होते. फडकं त्यांनी बॉनेटवर ठेवलं.

"चालायला लागली तेव्हा तुझी, बसली तशी माझी. बाबाही असेच वाटून घेतलेस, दादा. हिंडतेफिरते होते तोवर तुझ्या माडीवर, आणि अंथरूण धरल्यावर माझ्या टायरांत."