गावाकडून आणलेला दाखला

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. चौतीस वर्षं खाकी घातली, खून पाहिले, दरोडे पाहिले, त्याची सवय होते. या प्रकरणात कुणी हत्यार काढलं नव्हतं, तरी मी जितका घाबरलो तितका आधी कधी घाबरलो नव्हतो.

चाकण पट्ट्यातलं माझं शेवटचं पोलीस ठाणं. सकाळची हजेरी चालू असताना एक माणूस कंपनीच्या गणवेशातच आत आला. मूळचा मराठवाड्यातला, पंधरा वर्षं इथल्या कारखान्यात कामाला. मुलगी आदल्या दिवशी कॉलेजला म्हणून गेली ती परत आलीच नव्हती, फोन वाजत होता पण उचलत नव्हती. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. वय अठरा पूर्ण, म्हणून मिसिंगची नोंद घेतली. या वयाची मुलगी म्हटलं की ठाण्यात सगळे एकच अंदाज बांधतात, कुणाबरोबर तरी पळाली असेल. माझा हवालदार गालात हसला आणि खरं सांगतो, मीही तोच अंदाज बांधला होता.

रिवाजाप्रमाणे मी तिच्या दोन मैत्रिणींच्या घरी गाडी पाठवली, गणवेशातली माणसं. ही माझी पहिली चूक. एका मैत्रिणीने घाबरून तिला लगेच कळवलं, पोलीस आले होते म्हणून. तासाभरात मुलीचा फोन बंद झाला.

मग कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला. इथल्याच गावातला जुना माणूस. मुलीचा फोटो त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर पाहिला होता. "सायब, काल दुपारी हिनं उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. मला इचारलं, काका, खोटा दाखला दिला तर किती वर्सं आत टाकत्यात? म्या म्हनलं, मला काय म्हाईत न्हाई पोरी." सांगवीतल्या एका 'ॲडमिशनवाल्या सरां'कडे ती जाते, हेही त्यानेच सांगितलं.

वडिलांना बाजूला बसवून विचारलं, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. मुलींना शिक्षण मोफत, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मोफत म्हणजे सगळंच मोफत, असा घरादाराचा समज. कॉलेजात गेल्यावर विकास शुल्क, अनामत, आणखी कसली कसली नावं समोर आली आणि मंडळी गांगरली. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं, बाकीचं भरावं लागतं, हे खिडकीवर कुणी नीट सांगेना. म्हणून समजून घ्यायला ते या सरांकडे गेले. आणि सवलतीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला? तो त्यांनी गावाकडून काढून आणला होता. शेतीचं तेवढं उत्पन्न दाखवायचं, इथला पगार दाखवायचाच नाही. आमच्या पट्ट्यात बाहेरून आलेली निम्मी माणसं असंच करतात आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही.

सांगवीत एका इमारतीत वर त्या माणसाची खोली होती. गुळगुळीत बोलणारा, 'सर, सर' करणारा. मी त्याला हात लावला नाही. कॉलेजचा छापील शुल्क तक्ता त्याच्यासमोर ठेवला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली. शिक्षण शुल्काची ओळ त्याने गाळायला पाहिली. सरकारी फेरीतून प्रवेश मिळालेल्या या मुलीला जे माफ होतं, तेच तो तिच्याकडून दर महिन्याला रोख घेत होता. कपाटात तिची मूळ प्रमाणपत्रं सापडली, इतरही बऱ्याच मुलींची. पंचनामा चालू असताना मी त्याचा फोन उघडायला लावला.

धमकी एकच, पुन्हा पुन्हा, शेवटची आदल्या दिवशीची. दाखला खोटा आहे. पैसे थांबले तर मी पोलिसांना कळवीन, तुझ्या वडिलांना कंपनीच्या गेटवरून उचलतील. मुलगी लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन आणि मैत्रिणींकडून मागून भरत राहिली, घरी एक शब्द बोलली नाही. तिचा शेवटचा निरोप त्याच सकाळचा होता. "सर, पोलीस आले. मी लिहून ठेवते की दाखला मीच आणला. मी नसले तर पप्पांवर केस होणार नाही ना?"

मी लगेच तिच्या फोनचा माग काढायला लावला. फोनचं शेवटचं ठिकाण देहू आलं. म्हणजे इंद्रायणी. मुलीचं काही बरंवाईट झालं तर ती गाडी मीच पाठवली होती. वाटेत वाहतुकीत अडकलो तेव्हा मी ड्रायव्हरवर उगाच ओरडलो. मागे वडील बसले होते. ते एकदाही रडले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटत होती.

घाटावर ती दिसली. शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात, मांडीवर दप्तर. रात्र तिने तिथल्या एका धर्मशाळेत बायकांमध्ये काढली होती. या वेळी मी सोबत आणलेली साध्या कपड्यातली महिला शिपाई सावकाश जाऊन तिच्या शेजारी टेकली आणि तिचा दंड धरला. तेव्हा कुठे मी पुढे झालो. मला पाहताच ती उठून उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले.

"साहेब, मला न्या. पप्पांना नका नेऊ."

गुन्हा दाखल झाला, तो माणूस आत गेला, सगळ्या मुलींचे कागद परत मिळाले. पुढे मी स्वतः वडिलांच्या पगाराच्या पावत्या घेऊन बसलो. सवलतीची मर्यादा वर्षाला आठ लाखांची. ओव्हरटाइम धरूनही त्यांची कमाई त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. खरा दाखला दिला असता तरी सगळं जसंच्या तसं मिळालं असतं. मर्यादेची ती एक ओळ त्या घरात कुणी वाचलीच नव्हती.

पोलिसाचा धाक असला पाहिजे, असं मी नव्या पोरांना आयुष्यभर शिकवत आलो. त्या भामट्याकडे काठी नव्हती, माणसं नव्हती, होतं फक्त आमचं नाव. त्याने मुलीचा गळा धरला तेव्हा जिथे धावत यायचं ती जागा म्हणजे आमचं ठाणं. ते तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि तिला नदी जवळची वाटली.